सव्वा इंच लाकूड

४ नोव्हेंबर १९५८, मंगळवार

वही दुकानातल्या रद्दीतली. पुढची आठ पानं कुणी इंग्रजीत भरलीत, ती फाडली. कुवेतात आमच्या मिरकाबच्या खोलीत पाच जण राहतो. बाकी चौघांना मराठी अक्षर येत नाही, आणि दुकान सांभाळणारे नझीरचाचा उर्दू शाळेतले. मी मराठी शाळेत चार यत्ता काढल्या. तेव्हा इथं काहीही लिहिलं तरी माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही. बरं आहे. दुकानात तोंड बंद ठेवायचं म्हणतात, इथं तरी उघडतो.

आज अबू यूसुफ आला. इथं माणसाला पोराच्या नावानं हाक मारतात, हा यूसुफचा बाप. सिमेंटचा मोठा व्यापारी. पोरगाही बरोबर होता, सोळा वर्षांचा, काडी. म्हाताऱ्या आजोबाचं शिडाचं जहाज डिसेंबरात मोंबासाला निघतंय, त्यातून पोरगा जाणार आणि तिकडच्या रानात रानरेडा मारणार. अबू यूसुफनं अहमदीला तेल कंपनीच्या कुणा साहेबाच्या घरी भिंतीवर रेड्याची शिंगं बघितली. साहेब काहीतरी हसून बोलला असणार. आता ह्याला स्वतःच्या भिंतीवर हवीत.

त्यानं सरळ कपाटातल्या दुनळीकडं बोट केलं. फोर-सेव्हंटी. दोन वर्षं काचेत पडून आहे. काडतूस गाजराएवढं. हत्ती मारायची चीज.

मी म्हटलं, "ह्या पोराला ही नको. रेड्याआधी हीच त्याला पाडेल."

नझीरचाचांनी फळीखालून माझ्या नडगीवर लाथ घातली. अबू यूसुफ म्हणाला, "ह्या तुमच्या हिंदी माणसाला कुणी विचारलं?"

कुणी नाही विचारलं. म्हणूनच सांगितलं.

५ नोव्हेंबर

सकाळी चाचांनी पंधरा मिनिटं सुनावलं. "तुला मी आणला. तुझ्या आईच्या शब्दाखातर आणला. दोन नोकऱ्या घालवून झाल्या, तिसरी माझ्या दुकानातली. तुझा काय जाता रे? त्याचा पोरगा, त्याची बंदूक!"

चाचा आमच्याच गावचे, अब्बांचे चुलतभाऊ. दुकान कुवेती मालकाचं, पण सगळं चाचाच बघतात. बंदुका, मासळीची जाळी, तंबू, कंदील. त्यांनी आयुष्यात एक कावळा मारला नाही.

मी बंदुकीत वाढलो. अब्बा खोतांचे शिकारी होते. वरी-नाचणीत डुकरं शिरली की गाव आम्हाला बोलवायचं. कुणबी हाका घालायचे, आम्ही बंदूक चालवायची, मटण सगळं त्यांचं. आम्हाला त्यातलं काही चालत नाही, तरी शेत वाचवायचं म्हणून जायचो. पंधरा वर्षांचा व्हायच्या आत मी पाच डुकरं लोळवली. अब्बांची बारा बोअर खोतांच्या मापाची, दस्ता एवढा लांब की माझ्या काखेत बसायचा. अब्बा म्हणायचे, मरदाची बंदूक आहे, तूच तिच्या मापाचा हो.

सहाव्या वेळी काडतूस दमट निघालं. त्यात माझी काही चूक नव्हती.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज बंदूक आजमावायला एगैलाकडं गेलो. फिंतासच्या पुढं, विहिरी मागं टाकल्या की नुसतं मोकळं रान. अबू यूसुफच्या दोन गाड्या, आठ माणसं, गालिचा, कॉफीची किटली. म्हातारा नाखवा, म्हणजे पोराचा आजोबा, गालिच्यावर बसून होता. एक डोळा पांढरा पडलाय. मला म्हणाला, "तू रत्नागिरीवाला? उधर का नारियल अच्छा, आदमी टेढ़ा।" अर्धं आयुष्य आमच्या बंदरांत काढलंय, हिंदुस्थानी बोलतो.

पेट्रोलचा डबा साठ पावलांवर ठेवला. यूसुफनं दुनळी उचलली. दस्ता काखेपर्यंत, मान ताणलेली, डावा हात पोचत नाही. बिस्मिल्लाह म्हणाला, आणि धडाम. मागच्या मागं बसला. अंगठा नाकावर आदळून नाकातून रक्त. डबा तसाच. माणसं हसली. बाप सगळ्यात मोठ्यानं हसला, आणि मग हसणं गिळलं.

"सवय होईल. पुन्हा मार."

दुसऱ्या गोळीला मी डब्याकडं नाही, पोराच्या तोंडाकडं बघितलं. चापावर बोट जायच्या आधीच डोळे घट्ट मिटले होते. तिसऱ्या गोळीलाही. हे एकदा लागलं की जात नाही. बंदूक लहान केली तरच जातं.

मी आणलेली दुसरी पुढं केली. थ्री-सेव्हंटी-फाय, एका नळीची, बोल्टवाली. रानरेड्याला पुरून उरते, आणि लाथ अर्धी. अबू यूसुफनं हात लावला नाही. "ही बकऱ्या राखायला ठेव. एवढा शहाणा आहेस तर दुनळी तूच मारून दाखव."

मी म्हटलं, माझा खांदा दुखतोय, कालपासून पेट्या उचलतोय.

खरंच उचलल्या होत्या.

९ नोव्हेंबर

दुपारी यूसुफ एकटाच दुकानात आला. चाचा मशिदीत. शर्टाची कॉलर ओढून खांदा दाखवला. जांभळा, मधे पिवळा.

"रियाज, रेडा धावून आला तर किती वेळ असतो?"

"बिस्मिल्लाह पुरं होईल एवढा."

"मग मी मरेन," म्हणाला. रडून नाही, हिशेब केल्यासारखा.

"तर बापाला सांग."

"तू तुझ्या बापाला सांगितलं असतंस?"

मी म्हटलं, माझी गोष्ट वेगळी. मग थ्री-सेव्हंटी-फाय त्याच्या हातात दिली, कोपर काटकोनात, दस्ता कोपराच्या आतल्या बाजूला टेकवून. बोट चापापर्यंत पोचायला सव्वा इंच कमी. सव्वा इंच! इंग्रजानं आपल्या हाताच्या मापानं बंदूक केली आणि सगळ्या जगानं हात वाढवायचे.

११ नोव्हेंबर

कापला.

भर दुपारी, दुकान बंद असताना, मागच्या खोलीत. दस्त्यावर रेघ मारली, लाकूड उकलू नये म्हणून चिकटपट्टी लावली, आणि बारीक करवतीनं सावकाश कापला. अक्रोडाचं लाकूड, वास गोड येतो. मागं जुन्या टायरच्या रबराची गादी बसवली, कानशीनं घासली. कंपनीचं काम वाटेल. सव्वा इंचाची चकती वहीवर वजन म्हणून ठेवलीय, आता लिहिताना समोर आहे.

विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. म्हणून विचारलं नाही.

१२ नोव्हेंबर

चाचांना कळलं. बंदूक उलटीसुलटी करून बघितली, मग स्टुलावर बसले.

"ह्या काय केलास रे तू?"

"माप केलं."

"माप? दर्जी आहेस काय तू? दर्जी तुझा भाऊ! आता ही कोण घेणार? सगळ्या कुवेतात एका आखूड हाताच्या पोराला चालेल अशी बंदूक करून ठेवलीस!"

"ज्याला चालायची त्यालाच चालायला हवी."

"ज्या जहाजानं आलास त्याच जहाजानं परत घालवतो तुला. मालक महिनाअखेर बसऱ्याहून येतोय, त्याला तूच सांग."

सांगेन. घाबरतो की काय.

ताहिराचं पत्र आलंय. माझी बहीण, अक्षर माझ्यापेक्षा बरं. लिहिते, अकबरभाईचं शिवणकाम जोरात आहे, एकाच पायानं यंत्र चालवतो तरी ईदेला वीस कुर्ते काढले. एक शर्ट माझ्यासाठी शिवलाय, माप आठवणीनं घेतलं म्हणे. खाली लिहिलंय, "तू आईला लिहितोस, मला लिहितोस, मजीदमामूलासुद्धा लिहितोस. भाईला चार वर्षांत एक ओळ नाही. तो काही बोलत नाही, पण टपालवाला आला की वर बघतो."

त्याला काय लिहायचं? तो दुकानात, मी दुकानात. लिहायला वेळ कुठं मिळतो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पुन्हा एगैला. आज मी एक युक्ती केली. आमच्या गावी मजीदमामू करायचा. बंदूक भरायची आपण, आणि मधेच एक बिनदारूचं काडतूस घालायचं. मारणाऱ्याला ठाऊक नाही. आवाज होत नाही, धक्का बसत नाही, आणि माणूस काय करतो ते उघडं पडतं. मामू माझ्यावरही करणार होता, डुकराच्या त्या दिवसानंतर. पण तेव्हा मला ताप होता.

दुकानात काचेत मांडायला ठेवलेली पोकळ काडतुसं असतात. दोन्ही बंदुकांचं एकेक खिशात घातलं. दुनळीच्या उजव्या नळीत मोठं सरकवलं. यूसुफनं नेम घेतला, चाप ओढला. टक्. आणि नळी सरळ खाली, वाळूत, डोळे मिटलेले, ओठ दाताखाली, खांदा मागं. बंदूक गप्प आणि पोरगा एकटाच उडालेला. सगळ्यांनी बघितलं.

मला वाटलं, आता बापाला कळेल. मी ओरडलोसुद्धा, "बघा! बंदूक नाही, भीती लाथ मारतेय!"

माणसं पोट धरून हसली. यूसुफनं माझ्याकडं बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बंदूक गालिच्यावर ठेवून तो गाडीमागं गेला. अबू यूसुफ माझ्यापाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "माझ्या माणसांसमोर तू माझ्या मुलाला बाई केलंस. आता तो हीच नेईल. तिथं मेला तरी हीच."

म्हातारा नाखवा तेवढा हसला नव्हता. माझ्या खिशातून वाळूत पडलेलं दुसरं, लहान बंदुकीचं पोकळ काडतूस त्यानं उचललं, चांगल्या डोळ्याजवळ नेलं, आणि आपल्या लांब झग्याच्या खिशात टाकलं.

चाचा रात्री जेवताना म्हणाले, "झालं समाधान?"

मी बरोबर होतो. बरोबर असून असं कसं झालं.

१७ नोव्हेंबर

दुनळी विकली गेली. अबू यूसुफचा माणूस घेऊन गेला. चाचांनी मला सक्त ताकीद दिली, त्या घराच्या सावलीत दिसायचं नाही. यूसुफ बाजारात दिसला. मी हाक मारली. थांबला नाही.

कापलेली बंदूक मागच्या खोलीत, कापडाखाली. मी रोज तेल लावतो.

आज झोपेत ओरडलो असं खोलीतला अशरफ म्हणतो. काय ओरडलो विचारलं तर म्हणाला, "हट, हट, बाजूला हो, असं." मी म्हटलं, तुझे कान खराब झालेत.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

गेलो होतो. आज काही लिहायचं नाही.

२२ नोव्हेंबर

लिहितो. नाहीतर वही कशाला.

काल मला कुणी बोलावलं नव्हतं. फिंतासला जाणाऱ्या पाण्याच्या टँकरवर बसलो, पुढं चालत गेलो, कापलेली बंदूक गोणपाटात गुंडाळून. अबू यूसुफ मला बघून उभाच राहिला. "निघ."

मी म्हटलं, "निघतो. आधी बघा. दोन्ही बंदुका मी मारतो. तुमची आणि माझी. कुठली रेड्याला थांबवते ते डब्यांवर मोजा. मग मला नोकरीवरून काढा, जहाजावर घाला, काय करायचं ते करा."

चार वर्षांत हातात भरलेली बंदूक धरली नव्हती. पण त्या क्षणी मला खरंच वाटलं, मी मारणार. तोंडानं एवढं बोलल्यावर हात ऐकेलच.

म्हातारा नाखवा उठला. "भरना मेरा काम," म्हणाला. माझी बंदूक घेतली, पाठ वळवून भरली, हातात दिली. मी डब्यावर नेम धरला. बिस्मिल्लाह, अल्लाहू अकबर.

टक्.

नळी माझ्या पायापुढं वाळूत होती. डोळे मिटलेले होते, कारण मला ते उघडावे लागले. म्हाताऱ्यानं तेच पोकळ काडतूस घातलं होतं, मागच्या शुक्रवारी खिशात टाकलेलं. आणि माझ्या हातात ती मोठी दुनळीसुद्धा नव्हती. लहानच होती. मापाचीच.

माणसं अशी हसली की एक जण खोकायला लागला. अबू यूसुफ म्हणाला, "हा आमचा उस्ताद!" मला तिथून पळावंसं वाटलं. पळालो असतो. पण यूसुफ हसत नव्हता. तो माझ्या हातांकडं बघत होता, अगदी ओळखीचं काही दिसल्यासारखा.

म्हातारा जवळ आला. बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं विचारलं, "किसको लगा था?"

म्हटलं, "भाई को."

एवढंच बोलणार होतो. मग म्हटलं, आता लपवून कुणाची अब्रू राखायची? सगळ्यांकडं तोंड करून, माझ्या मोडक्या अरबीत, ओरडूनच सांगितलं. की मी पंधरा वर्षांचा होतो. की बंदूक माझ्या बापाची होती, मापाबाहेरची. की पाच डुकरं पडली ती नशिबानं, प्रत्येक वेळी डोळे मिटलेले होते, आणि बापाला हसायला नको म्हणून मी बोललो नाही. की सहाव्या वेळी डुक्कर वीस पावलांवर होतं, आडवं. माझी गोळी त्याच्या मागच्या पायाला लागली. ते माझ्यावर आलं नाही. शेजारच्या झुडपात माझा भाऊ उभा होता. सुळा मांडीत, हाडापर्यंत.

"हसा आता," म्हटलं. "हसून घ्या. तुमचा पोरगा परत आला नाही तर तेव्हा हसायचं राहून जाईल."

कुणी हसलं नाही. किटली उतू जाऊन विस्तव चरचरला.

यूसुफ पुढं आला. माझ्या हातातली बंदूक घेतली, बोल्ट ओढून आतलं पोकळ काडतूस काढलं, आजोबापुढं हात केला. म्हाताऱ्यानं खरं काडतूस दिलं. पोरानं बंदूक खांद्याला लावली. मान ताणली नाही. बोट चापावर सहज गेलं. डबा उडाला नाही, पण त्याच्या बाजूची वाळू वीतभर अंतरावर उडाली. दुसरी गोळी डब्याच्या कडेला. तिसरी मधे.

मग बापाकडं वळला. आवाज चिरकला, पण बोलला. "मी ही नेणार. नाहीतर मी जहाजावर चढणार नाही. तुम्हाला शिंगं हवी असतील तर बाजारातून आणा."

अबू यूसुफचा हात वर गेला. मधे म्हाताऱ्याची काठी आली.

"जहाज माझं आहे," म्हातारा म्हणाला. "त्यावर कुठली बंदूक चढेल ते मी ठरवतो."

परतताना मला गाडीत बस म्हणाले नाहीत. चालत आलो, मग टँकर मिळाला. खांदा दुखत नव्हता. ह्या वेळी दुखायला खरं कारण मिळालं असतं, पण बंदूक तर उडालीच नव्हती.

२५ नोव्हेंबर

अबू यूसुफनं कापलेली बंदूक घेतली. दुनळी परत दिली नाही, ती बैठकीत भिंतीवर लावलीय म्हणे, शिंगांची जागा मोकळी सोडून. चाचा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. काल रात्री ताटात मासळीचा मधला तुकडा मला वाढला आणि म्हणाले, "मालक आला की मी बोलेन. तू तोंड उघडू नकोस."

मग हात धुताना, पाठ करूनच, म्हणाले, "तुझ्या आईनं मला काडतूस दमट होता असा सांगितलान."

मी म्हटलं, "आईला मीच सांगितलं होतं."

११ डिसेंबर

रोज पहाटे यूसुफची गाडी येते आणि मी जातो. तो माझी भरतो, मी त्याची. कधी खरं, कधी पोकळ, सांगायचं नाही. पहिल्या आठवड्यात दोघंही सारखेच उडायचो आणि एकमेकांना शिव्या घालायचो. आज दहांत त्याचे डोळे एकदाही मिटले नाहीत. माझे अजून चारदा.

"तू म्हातारा झालास," म्हणाला.

म्हटलं, "तू एका महिन्यात सोडवलंस, मी चार वर्षं मुरवलंय. लोणचं आहे ते."

परवा जहाज सुटतं.

३ मार्च १९५९

रमजान आठवड्यावर आलाय. मोंबासाहून पत्र आलं, यूसुफचं, दुकानाच्या पत्त्यावर, माझ्या नावानं. अरबी चाचांनी वाचून दाखवलं. गिऱ्हाईक उभं होतं तरी वाचलं.

लिहितो की, रानरेडा मिळाला होता. पन्नास पावलांवर, आडवा, मोठी शिंगं. खांद्याला बंदूक लावली, डोळे उघडे होते. उघडे होते म्हणूनच त्याला पलीकडच्या गवतात वाटाड्याची टोपी दिसली. "मी चाप ओढला नाही. रेडा गेला. सगळे हसले. मी म्हटलं, हसा. मग चौथ्या दिवशी मोठं हरीण मारलं, एका गोळीत, ते जागेवरून हललंही नाही. शिंगं आखूड आहेत. बाबांना आवडणार नाहीत. बंदुकीची गादी छान आहे, फक्त रबराला उन्हात टायरचा वास येतो."

चाचांनी कागद घडी करून दिला. "अजून शिंगांची जागा मोकळीच तर," म्हणाले, आणि गिऱ्हाईकाकडं वळले.

मी मागच्या खोलीत येऊन बसलोय. ती सव्वा इंचाची चकती समोर आहे. वहीतलं कोरं पान फाडलं आणि त्याच्यावर लिहिलं, उद्याच्या टपालात टाकतोय. इथंही उतरवून ठेवतो, म्हणजे उद्या माझ्यातला भित्रा ते फाडायला लागला तर त्याला कळेल की उपयोग नाही.

अकबरभाई,

काडतूस कोरडं होतं. मी डोळे मिटले होते. बकरीदेला येतोय. शर्ट तोवर बदलू नकोस, माप चुकलं असलं तरी तोच घालीन.

रियाज